अठराव्या वर्षी कर्णधार, पुढे काय? तरुण बचावपटूची गुणवत्ता आणि परिपक्वता

बचावफळी
नेदरलँड्सचा बचावपटू मथाइस डी लिख्ट याच्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मार्च २०१८ मध्ये आम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबने त्याला कर्णधार केलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा 'गोल्डन बॉय' पुरस्कार मिळाला. त्याआधी तो एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. त्या काळात जो तो म्हणायचा, 'वयाच्या मानाने केवढी समज!'

२०१९ मध्ये युव्हेंटसने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो मोजले. तिथे तीन हंगाम, मग बायर्नमध्ये दोन, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला. सगळीकडे काही महिने उत्तम गेले, पण आता पुढची दहा वर्षं या क्लबचा बचाव हाच सांभाळणार, अशी खात्री कुठेच वाटली नाही. राष्ट्रीय संघातही तेच. २०२२ च्या विश्वचषकात सेनेगलविरुद्धचा पहिला सामना खेळला आणि त्याची जागा यूरिएन टिम्बरने घेतली. युरो २०२४ मध्ये तर एक मिनिटही मैदानात नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगतो. त्याचा शांत चेहरा, भरदार अंगकाठी आणि दंडावरची पट्टी पाहून आपण सगळ्यांनी त्याला परिपक्व ठरवलं. सेंटर बॅकची, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणाऱ्याची, खरी समज वेगळीच असते. कधी अंगावर जायचं नाही, कधी दोन पावलं मागे सरकायचं, जोडीदार पुढे गेला की आपण कुठे थांबायचं, हे शंभर-दोनशे सामने खेळल्याशिवाय येत नाही. गुणवत्ता त्याच्याकडे भरपूर होती आणि आहे. ती दिसल्याबरोबर आपण दुसरी गोष्टही गृहीत धरली. तुम्हाला काय वाटतं?

रंकाळा
विषय लै भारी काढलाय राव. पण सुरुवात २०१८ पासून नको, २०१७ पासून करूया. २५ मार्च २०१७, सोफिया, बल्गेरियाविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना. पोरगं सतरा वर्षांचं, आयाक्सकडून लीगमध्ये जेमतेम दोन सामने सुरुवातीपासून खेळलेलं, आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक डॅनी ब्लिंटने त्याला थेट अकरात घेतलं. वीस मिनिटांत बल्गेरियाच्या देलेव्हने दोन गोल मारले, दोन्ही वेळी डी लिख्टचा अंदाज चुकला. हाफटाइमला त्याला बाहेर काढला. सामना २-० ने गेला आणि दुसऱ्या दिवशी ब्लिंटची नोकरी गेली.

आणि दोन महिन्यांत हेच पोरगं युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडविरुद्ध उभं! कुठल्याही मोठ्या युरोपीय अंतिम सामन्यात खेळणारा सगळ्यात लहान खेळाडू. आयाक्स हरलं, पण हा कुठे घाबरलेला दिसला नाही. सोफियात जे झालं ते पचवून साठ दिवसांत असा सामना खेळणं, ही परिपक्वता नाही तर काय?

नीरजा_प
रंकाळा यांच्याशी सहमत. एक भर घालते. पुढे आयाक्समध्ये डी लिख्टच्या शेजारी कोण खेळायचा? डाली ब्लिंट, म्हणजे त्याच डॅनी ब्लिंटचा मुलगा! ज्याच्या निवडीमुळे बापाची नोकरी गेली, त्यालाच मुलाने मैदानावर सांभाळून घेतलं. मला ही जोडी फार आवडायची.

निळासावळा
मी मुळात क्रिकेटवाला, फुटबॉल विश्वचषकापुरता. एक शंका आहे. स्ट्रायकर अठरा वर्षांचा असला की सगळे नाचतात, बचावपटू अठरा वर्षांचा असला की 'अजून लहान आहे' म्हणतात. असं का?

बचावफळी
@निळासावळा, स्ट्रायकरने चार संधी घालवल्या आणि पाचवीवर गोल केला तर तो नायक. सेंटर बॅकने एकोणनव्वद मिनिटं बिनचूक खेळून एकदा पाऊल चुकीचं टाकलं तर त्या रात्री सगळीकडे तेवढंच दाखवतात. शिवाय स्ट्रायकर स्वतः काहीतरी करायला जातो, बचावपटूला समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते आधी ओळखावं लागतं. वेग आणि उंची जन्मजात असू शकते, ही ओळख नाही.

गोलरक्षक_निवृत्त
आणि आम्हा गोलकीपरांचं काय मग? आमची चूक तर थेट जाळ्यात दिसते! :)

रंकाळा
@गोलरक्षक_निवृत्त, तुम्हाला निदान हात तरी वापरता येतात साहेब. :)

आम्स्टेलवेनकर
इथे आम्स्टरडॅमच्या शेजारी राहते, मुलगा गावातल्या क्लबात खेळतो, त्यामुळे या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इथे आठ-दहा वर्षांखालची मुलं छोट्या मैदानावर सहा-सहा जणांनी खेळतात. बॉल वाट्टेल तसा लांब उडवला की प्रशिक्षक ओरडत नाहीत, जवळ येऊन विचारतात, तुला समोर कोण मोकळा दिसला होता? म्हणजे मागे खेळणाऱ्या मुलालाही पहिल्या दिवसापासून बॉल पायात ठेवून विचार करायला लावतात. डी लिख्ट आब्काउडसारख्या लहान गावच्या क्लबातून आयाक्सच्या अकादमीत गेला, तो याच पद्धतीत वाढला. त्यामुळे अठराव्या वर्षी तो बॉलवर तिशीतल्या माणसासारखा शांत होता. ती शांतता खरी होती, नुसता चेहरा नव्हता.

मात्र एक आहे. आयाक्स आपल्या लीगमधल्या बहुतेक सामन्यांत सतत पुढे चाल करून खेळतं. सेंटर बॅक मध्यरेषेपाशी उभा राहून बॉल फिरवतो, मागे पळत बचाव करायची वेळ कमी येते. समुद्रात पोहायचं तर सराव तलावात करून भागत नाही, तसं झालं त्याचं. इटलीत गेल्यावर खोल उभं राहून स्वतःच्या चौकटीत, गर्दीत बचाव करायचा होता.

शिट्टी
आम्स्टेलवेनकर ताईंनी फार चांगलं लिहिलंय. युव्हेंटसचा पहिला हंगाम आठवा. अनुभवी बचावपटू किएलिनी त्याचा गुरू होणार अशी योजना होती. ऑगस्टच्या शेवटी किएलिनीचा गुडघा गेला आणि वीस वर्षांच्या मुलाला नव्या भाषेत, नव्या पद्धतीत थेट बोनुचीशेजारी उभं केलं. नापोलीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात युव्हेंटस ३-० ने पुढे होतं, ते ३-३ झालं आणि शेवटी स्वयंगोलवर कसंबसं ४-३ जिंकलं.

त्यानंतर हाताला बॉल लागण्याची ती मालिका. त्याच वर्षी हँडबॉलचा नियम बदलला होता. हात शरीरापासून लांब असला की हेतू न पाहता पेनल्टी. मी स्थानिक सामन्यांत पंचगिरी करतो म्हणून सांगतो, चौकटीत हात मागे बांधून उभं राहायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. ज्याचं वजन शरीराच्या झोकावर तोललेलं असतं, त्याला ते फार अवघड जातं. यात परिपक्वतेचा भाग थोडा आणि सवयीचा जास्त. आणि तरीही तो हंगाम संपला तेव्हा लीगचं विजेतेपद युव्हेंटसकडेच होतं.

ठाम_मत
मला हा सगळा 'परिपक्वता' प्रकारच पटत नाही. ज्याच्याकडे गुणवत्ता कमी, त्याच्यासाठी शोधलेलं कौतुक आहे ते. स्पेनचा बचावपटू सर्जिओ रामोस बघा. रेआल माद्रिदकडून २६ रेड कार्ड! २०११ मध्ये कोपा देल रेचा चषक मिरवणुकीत बसवरून खाली टाकला, बस त्यावरून गेली. २०१२ मध्ये बायर्नविरुद्ध उपांत्य फेरीत पेनल्टी थेट प्रेक्षकांत. आणि तरी चार चॅम्पियन्स लीग, माद्रिदसाठी १०१ गोल, स्पेनसाठी १८० सामने. कुठे आहे परिपक्वता? सगळी गुणवत्ता आणि धमक.

नीरजा_प
@ठाम_मत, रामोसचं उदाहरण उलट बाजूने वाचा ना. बायर्नविरुद्ध पेनल्टी हुकली एप्रिल २०१२ मध्ये. दोन महिन्यांनी युरोच्या उपांत्य फेरीत पोर्तुगालविरुद्ध शूटआउटमध्ये तोच पुढे आला आणि त्याने पानेन्का मारली, म्हणजे गोलकीपर पडेपर्यंत थांबून हळूच मधोमध उचलला बॉल. हुकल्यानंतर पुन्हा पुढे येणं हा स्वभाव आहे, आणि बचावपटूत मला तोच बघायचा असतो.

बचावफळी
रामोसचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात विलक्षण वाटणारी रात्र सांगतो. फेब्रुवारी २०१९, चॅम्पियन्स लीग, आयाक्सच्या मैदानावर माद्रिद २-१ ने पुढे. शेवटच्या मिनिटांत रामोसने मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं, म्हणजे एका सामन्याची बंदी परतीच्या सामन्यात भोगून पुढच्या फेरीत मोकळं व्हायचं. सामन्यानंतर तो जे बोलला त्यावरून ते उघड झालं आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, बंदी दोन सामन्यांची केली. ५ मार्चला बर्नाबेऊत, स्वतःच्याच मैदानावर, माद्रिद १-४ ने हरलं. बत्तीस वर्षांचा कर्णधार प्रेक्षागृहात आणि एकोणीस वर्षांचा कर्णधार डी लिख्ट मैदानावर.

आता या दोघांत कोण परिपक्व, सांगा बरं. त्या रात्री मी डी लिख्टच म्हटलं असतं. पण तरी मला दोघांपैकी एकच निवडायला सांगितला, तर अंतिम सामन्यासाठी रामोस घेईन. लिस्बनमध्ये २०१४ ला ९३ व्या मिनिटाला अ‍ॅटलेटिकोविरुद्ध बरोबरीचं हेडर मारणारा माणूस आहे तो.

ठाम_मत
म्हणजे मी म्हटलं तेच. :)

उत्तररात्र
त्याच वर्षीची ८ मे विसरू नका. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, आयाक्स-टॉटनहॅम, परतीचा सामना. पाचव्या मिनिटाला डी लिख्टचंच हेडर, मग झियेशचा गोल, एकूण ३-० ने आयाक्स पुढे. हाफटाइमला टॉटनहॅमने योरेन्तेला आणलं आणि बॉल थेट त्याच्या डोक्यावर टाकायला सुरुवात केली. लुकास मौराचे दोन गोल ५५ आणि ५९ व्या मिनिटाला, तिसरा सहाव्या जादा मिनिटाला. एकूण ३-३, आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे टॉटनहॅम अंतिम फेरीत. शिट्टी वाजली तेव्हा आयाक्सचे खेळाडू गवतावर आडवे पडले होते.

त्या संघाला सामना थांबवता आला नाही. कोपऱ्यात बॉल नेऊन उभं राहणं, फाऊल घेणं, वेळ खाणं हे त्यांना आलंच नाही. कर्णधार म्हणून थोडी जबाबदारी डी लिख्टची होती. पण एकोणीस वर्षांच्या मुलाने तीस वर्षांच्या तादिचला आणि एकोणतीस वर्षांच्या ब्लिंटला 'मागे या' म्हणून ओरडावं, ही अपेक्षा मला जरा क्रूर वाटते.

फातोर्डेकर
आमच्या गोंयच्या बाजूने एक उदाहरण. ब्राझीलचा बचावपटू लुसियो २०१५ आणि २०१६ ला एफसी गोवाकडून फातोर्ड्याला खेळला, आम्ही त्याला जवळून पाहिला. चाळिशीकडे झुकलेला, वेग केव्हाच संपलेला, पण बॉल कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. तो धावायचाच कमी, कारण आधीच तिथे असायचा.

हाच लुसियो २००२ च्या विश्वचषकात, चोवीस वर्षांचा. इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात साधा बॉल त्याला थांबवता आला नाही आणि मायकेल ओवेनने गोल मारला. रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्योने सामना फिरवला नसता तर ब्राझीलमध्ये त्याचं नाव त्या एका चुकीशीच जोडलं गेलं असतं. ते जिंकले, विश्वचषक जिंकला. आणि पुढच्या, म्हणजे २००६ च्या विश्वचषकात लुसियो सलग ३८६ मिनिटं एकही फाऊल न करता खेळला. सेंटर बॅक आणि साडेसहा तासांत एक फाऊल नाही! चार वर्षांत माणूस केवढा बदलला बघा.

आणि आपलाच महेश गवळी. धेंपो क्लबच्या त्या सोनेरी वर्षांत आर्मांदो कुलासोंच्या संघात मागे तो असला की आम्ही निर्धास्त बसायचो. उगाच आडवं पडून टॅकल करायचा नाही, उभं राहून समोरच्याला बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचा. गोव्याच्या पोरांनी त्याचं बघून शिकावं असं मला आजही वाटतं.

रंकाळा
फातोर्डेकर, ३८६ मिनिटांचा आकडा वाचून अंगावर काटा आला.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर नेमकी उलटी गत. आडवा पडून टॅकल केला की सगळं मैदान शिट्ट्या मारतं, आणि शहाण्यासारखा उभा राहून वाट अडवली की कुणी बघत पण नाही. तालमीच्या संघात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं मागे खेळवलं की त्याला तीच शिट्टी हवी असते. पेठेपेठेची ईर्ष्या, गॅलरीत सगळी ओळखीची तोंडं, त्यात उभं राहून थांबायला लावणं लई अवघड. मी लहान पोरांना शिकवतो तेव्हा आडवं पडायला बंदीच घालतो सरावात. उभं राहून बॉल काढून घे, नाहीतर नुसती वाट अडव. पोरं चिडतात, पण हंगाम संपेपर्यंत फरक दिसतो.

शिट्टी
पंच म्हणून तुम्हाला दंडवत, रंकाळा. आमचं काम निम्मं होईल.

अवंती_के
मूळ प्रश्नाकडे येते. इथे 'परिपक्वता' म्हणून तीन निरनिराळ्या गोष्टींवर वाद चाललाय असं वाटतं. आम्स्टेलवेनकर बॉलवरच्या शांततेबद्दल बोलतात, फातोर्डेकर खेळ आधी ओळखण्याबद्दल, आणि नीरजा चूक झाल्यावर पुन्हा उभं राहण्याबद्दल. डी लिख्टकडे पहिली आणि तिसरी अठराव्या वर्षीच होती. दुसरीला वेळ लागला.

तिसरीचा पुरावा देते. जून २०१९, नेशन्स लीग उपांत्य सामना, इंग्लंड. बॉल त्याच्या पायातून निसटला, रॅशफर्डला पाडलं, पेनल्टी, गोल. दुसऱ्या हाफमध्ये ७३ व्या मिनिटाला कॉर्नरवर बरोबरीचं हेडर याचंच. मार्च २०२३, बायर्न-पीएसजी: बायर्नचा कीपर सोमरने बॉल गमावला, व्हितिन्याने रिकाम्या गोलकडे मारला आणि डी लिख्टने घसरत जाऊन रेषेवरून काढला. सप्टेंबर २०२४, साउदॅम्प्टन: दालोच्या फाऊलवर पेनल्टी, कीपर ओनानाने ती अडवली, आणि दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाला याचं हेडर गोलमध्ये. चूक स्वतःची असो की जोडीदाराची, तो लपत नाही, मला तो यासाठीच आवडतो.

बचावफळी
अवंती, पटलं, आणि उदाहरणंही चोख. पण दुसऱ्या गोष्टीवर मी ठाम आहे. युरो २०२०, बुडापेस्ट, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध. ०-० असताना त्यांचा स्ट्रायकर शिक मागून येतोय, उसळता बॉल, डी लिख्ट घसरला आणि पडता पडता हाताने बॉल ढकलला. शेवटचा बचावपटू, व्हीएआर (व्हिडिओ पंच), रेड कार्ड. पंधरा मिनिटांत गोल, नेदरलँड्स २-० ने बाहेर. त्याने नंतर सगळा दोष उघडपणे स्वतःवर घेतला, हा त्याचा मोठेपणा. पण त्या क्षणी त्या स्ट्रायकरला जाऊ द्यायला हवं होतं. कदाचित गोल झाला असता, कदाचित कीपरने अडवला असता. अकरा जणांनी अर्धा तास हातात ठेवून ०-१ ने खेळणं दहा जणांनी ०-० ने खेळण्यापेक्षा परवडतं. हा हिशोब अर्ध्या सेकंदात करणं म्हणजेच मी म्हणतो ती समज.

शिट्टी
अर्ध्या सेकंदात हिशोब कुणीच करत नाही हो, शरीर करतं. म्हणून तर सामने लागतात.

उत्तररात्र
सामन्यांवरून व्हॅन डाइक आठवला. विलेम टूच्या युवा संघातून ख्रोनिंगन, तिथून सेल्टिक, मग साउदॅम्प्टन. राष्ट्रीय संघात पहिला सामना २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी. लिव्हरपूलने घेतला जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हा सव्वीस. त्याला कुणी अठराव्या वर्षी कर्णधार केलं नाही, कुणी गोल्डन बॉय म्हटलं नाही. त्याच्या सगळ्या चुका ग्लासगो आणि साउदॅम्प्टनमध्ये, अर्ध्या जगाच्या नजरेआड झाल्या. डी लिख्टच्या सगळ्या चुका मोठ्या रात्री, मोठ्या पडद्यावर.

जॉन स्टोन्सचंही तेच. मँचेस्टर सिटीत आल्यावर चार वर्षं त्याच्यावर टीका, मग रुबेन डियास शेजारी आला आणि २०२३ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तर स्टोन्स मिडफिल्डमध्ये खेळत होता.

निळासावळा
म्हणजे शेजारी कोण आहे यावर बरंच अवलंबून?

फातोर्डेकर
बरंच नाही, जवळजवळ सगळं. माल्दिनी सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला, पण त्याच्या आजूबाजूला बरेसी आणि तासोत्ती होते. व्हरान अठराव्या वर्षी माद्रिदला आला, शेजारी रामोस आणि पेपे. पोरगं हुशार असेल तर मोठा माणूस फक्त 'थांब' आणि 'जा' एवढंच सांगतो.

नीरजा_प
याच नजरेने बार्सिलोनाच्या पाऊ कुबार्सीकडे बघायला हवं. सतराव्या वर्षी नापोलीविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये सामनावीर, त्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्ण. मार्च २०२५ मध्ये बेन्फिकाविरुद्ध २२ व्या मिनिटाला रेड कार्ड, दोन महिन्यांनी इंटरविरुद्ध पेनल्टी त्याच्याच टॅकलवर. प्रशिक्षक फ्लिकची ती उंच बचावरेषा म्हणजे पाठीमागे अर्धं मैदान मोकळं. तोवर शेजारी इन्यिगो मार्तिनेझ होता, तो ऑगस्ट २०२५ मध्ये सौदीला गेला. कुबार्सीला त्याच्यासारखा तिशीतला माणूस शेजारी हवा, असं माझं मत. आधी कुबार्सीला सांभाळणारा द्या, मग त्याला नेता म्हणा.

ठाम_मत
बेन्फिकाविरुद्ध दहा जणांनी खेळून बार्सिलोना १-० ने जिंकली, हे पण लिहा.

नीरजा_प
लिहिते. त्यात श्चेन्स्नीचे हात होते, कुबार्सीचे पाय नव्हते.

गोलरक्षक_निवृत्त
शेवटी गोलकीपरचं नाव निघालं, आनंद झाला!

बचावफळी
सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. अवंतीने केलेले तीन भाग मला मान्य आहेत आणि फातोर्डेकरांचा शेजाऱ्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. त्यामुळे माझं मत थोडं नेमकं करून मांडतो. डी लिख्टमध्ये काही कमी होतं असं नाही. वीस ते चोवीस या वयात त्याला एका जागी, एका पद्धतीत, एका वडीलधाऱ्या जोडीदाराशेजारी सलग खेळायला मिळालं नाही. सहा वर्षांत चार क्लब म्हणजे उंच बचावरेषा, खोल बचावरेषा, तिघांचा बचाव, चौघांचा बचाव, दर वेळी नव्याने सुरुवात. साडेसात कोटी मोजणारा क्लब तयार खेळाडू मागतो, घडायला वेळ देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने सव्वीस पूर्ण केली, म्हणजे व्हॅन डाइक लिव्हरपूलला आला ते वय. मी त्याच्यावर अजून फुली मारलेली नाही.

आम्स्टेलवेनकर
इथल्या आयाक्सवाल्यांनीही मारलेली नाही. आमच्या क्लबात मागे खेळणारी पोरं अजून त्याचंच नाव घेतात.

@रंकाळा, एक विचारायचं होतं. तुम्ही सरावात आडवं पडायला बंदी घालता, ती किती वर्षांच्या मुलांना? माझा मुलगा नऊचा आहे आणि दर शनिवारी गुडघे सोलून येतो.

रंकाळा
ताई, चौदापर्यंत तरी पूर्ण बंदी. नऊचा असेल तर त्याला फक्त एवढंच सांगा की समोरच्याच्या बॉलकडे बघ, पायाकडे नको. आणि गुडघ्याला खोबरेल तेल लावा.